वरसे नाक्यावरचं जोडपं

पुतळा दिनानाथ धनावड्यांना नकोच होता. त्यांना कारंजं हवं होतं. रोह्याशेजारच्या वरसे नाक्यावर रस्ते एकत्र येतात तिथं मधोमध पंचायतीनं एक गोल कट्टा बांधून ठेवला होता, आणि त्यावर काय करायचं हे ठरेपर्यंत तिथं एक बैल बसत असे. आपल्या कॉलनीच्या तोंडाशी बैल बसतो, ही गोष्ट दिनानाथांना कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झाल्यापासून फार टोचू लागली. नोकरीत असताना तोच बैल त्यांना रोज दिसायचा, पण तेव्हा शिफ्टची बस पकडायची असे. रहिवासी संघाच्या बैठकीत त्यांनी कारंज्याचा विषय काढला. संघाचे अध्यक्ष हैबतराव महसूल खात्यातून निवृत्त झाले होते आणि अजूनही सहीखाली जुना हुद्दा लिहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की आपल्या नळाला पाणी किती वेळ येतं. कारंजं तिथंच आटलं. पुतळ्याला पाणी लागत नाही, असं कोणीतरी मागून म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग पुतळा कुणाचा, यावर बैठका सुरू झाल्या. प्रत्येकाच्या मनात एकेक थोर पुरुष होता आणि दुसऱ्याच्या थोर पुरुषाबद्दल प्रत्येकाला काहीतरी बोलायचं होतं. प्रकरण हातघाईवर आलं तेव्हा दिनानाथ म्हणाले, कुणाचाच नको. कंपन्या यायच्या आधी इथं भाताची खाचरं होती, आपल्या सगळ्यांचे आईबाप त्यात वाकले, तर एक शेतकरी नवरा-बायको उभे करू, छातीएवढे, सुबक. हे सगळ्यांना इतकं पटलं की सगळी जबाबदारी त्यांच्याच गळ्यात घालण्यात आली. ज्यानं सुचवलं त्यानंच निस्तरायचं, ही आपल्याकडची लोकशाही. दिनानाथांना मात्र तो सन्मान वाटला. घरी जाऊन त्यांनी तो सरूबाईंना सांगितला तेव्हा त्या शिलाई मशीनवर कुणाच्या तरी ब्लाउजची बाही लावत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, पेणला जाताच आहात तर पोह्याचे पापड आणा.

मूर्ती म्हटली की पेण, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. आणि पेण म्हटलं की केरू म्हात्रे. धनावड्यांच्या घरचा गणपती वडिलांच्या वेळेपासून त्याच्याच कारखान्यातून येई. केरूनं उभ्या आयुष्यात गणपतीशिवाय फारसं काही केलं नव्हतं. एकदा एका गावासाठी मारुती करायला घेतला, तर त्यालाही पोट सुटलं. गावानं ते भक्तिभावानं सांभाळून घेतलं. ही गोष्ट दिनानाथांना चांगली ठाऊक होती. पण ओळखीचा माणूस सोडून अनोळखी हुशार माणसाकडे जायचं म्हणजे उद्या त्याला रागवायचं तरी कुठल्या तोंडानं, असा त्यांचा हिशेब होता.

केरूनं प्लास्टर सुचवलं. इथं दिनानाथांच्या अंगातला स्टोअरकीपर जागा झाला. कंपनीच्या मागच्या शेडमध्ये बाद झालेले ब्राँझचे व्हॉल्व्ह आणि पंपांचे पंखे कित्येक पावसाळे पडून आहेत, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मॅनेजर तर शेड मोकळी होते म्हणून खूश झाला. नदीपलीकडच्या अष्टमी गावचा मुसा मुकादम, कुवेतहून परतून हार्डवेअरचं दुकान टाकून बसलेला दिनानाथांचा जुना दोस्त, त्यानं आजोबांच्या मचव्याचा पंखा दिला. दर्यात फिरून दमलाय, आता नाक्यावर उभा राहू दे, म्हणाला. सगळा माल पेणला पोचला. केरूनं ढिगाला एक चक्कर मारली आणि सांगितलं, छातीएवढं जोडपं करून निम्म्याच्या वर धातू उरंल. हे ऐकून हैबतरावांचा चेहरा उतरला. उरलेल्या मालाचं काय केलंत, असं कोणी विचारील ही धास्ती सरकारी माणसाला निवृत्तीनंतरही सोडत नाही. उरवायचंच नाही, असं त्यांनी फर्मावलं, आणि छातीएवढं जोडपं एका वाक्यात दोन पुरुष उंच झालं.

पुढचा घोळ चेहऱ्याचा. केरूनं मातीचा नमुना केला, त्यात शेतकऱ्याचे कान सुपाएवढे आले आणि बाईचे डोळे थेट देवाचे. फोटो द्या, तो म्हणाला, नायतर माझा हात जायचा तिथंच जातो. दिनानाथांनी पाकीट उघडलं.

आता त्या पाकिटातल्या फोटोबद्दल सांगायला हवं. नात्यातल्या एका लग्नात व्हिडिओवाल्यानं सगळ्या मांडवासमोर, "काकू, जरा बाजूला सरका, नवरी दिसत नाय," असं म्हटल्यापासून सरूबाईंनी कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं सोडलं होतं. लोक हसले होते, आणि हसणाऱ्यांत दिनानाथही होते. ते नेमकं सरूबाईंनी पाहिलं होतं. त्यानंतर ग्रामदैवत धावीर महाराजांच्या उत्सवात मुसानं कुवेतच्या नव्या कॅमेऱ्यानं दोघांचा फोटो त्यांना न सांगता काढला. त्यात सरूबाईंच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, कपाळावर घाम होता, आणि दिनानाथ मोकळा हात उंच करून पालखीकडे की कशाकडे तरी बोट दाखवत होते. तो फाडून टाका, असं सरूबाईंनी बजावलं होतं. फाडला, असं दिनानाथांनी सांगितलं होतं. फाडला नव्हता, कारण त्यांना तो आवडायचा. बायकोचा एवढा चांगला फोटो आपल्याकडे दुसरा नाही, असं त्यांना मनापासून वाटे, फक्त ते तोंडानं म्हणायचं राहून गेलं होतं. नुसत्या नाकाडोळ्यांच्या ठेवणीपुरता म्हणून त्यांनी तो केरूच्या हातात दिला आणि पापड न घेताच परत आले.

मग कॉलनी पेणला जाऊ लागली. गणपती ठरवायला कारखान्यात जायचं आणि काहीतरी सूचना केल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, ही इकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, आणि सूचना बहुधा एकच असते, मूर्ती जरा भरलेली हवी. पुतळ्याच्या बाबतीत ती बदलायचं कोणालाच सुचलं नाही. देशमुख गेले, त्यांना शेतकऱ्याच्या पोटऱ्या किरकोळ वाटल्या. बँकेतले शिर्के गेले, त्यांनी बाईचे दंड अंगठ्यानं दाबून बघितले आणि मान हलवली. हैबतराव म्हणाले की वाळलेला शेतकरी उभा केला तर सरकारवर टीका केल्यासारखं होईल. नाकडोळे केरू नेहमी सगळ्यात शेवटी कोरी, त्यामुळे चेहरे कुणाचे हे कोणाला कळायचा प्रश्नच नव्हता. केरूनं आजवर कुठल्या गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नव्हतं. जो येई त्याच्या समोर तो मातीचा एक गोळा थापी आणि माणूस समाधानानं पेणची भेळ खाऊन घरी येई. दिनानाथ तेवढे या काळात पेणला फिरकले नाहीत, कारण ते परवानगी काढत होते.

बांधकाम खात्याच्या कचेरीतल्या कारकुनानं पहिलाच प्रश्न विचारला, पुतळा कुणाचा. दिनानाथ म्हणाले, कुणाचाच नाही. मग बसवताय कशाला, असं त्यानं विचारलं. पुतळा म्हटला की थोर व्यक्तीचं नाव, जन्म, मृत्यू आणि कार्य लागतं, असं त्यानं समजावलं. मग चष्म्यावरून बघत विचारलं, की दोघं हयात आहेत का. दिनानाथांच्या मनाला तो फोटो खातच होता. त्यांच्या तोंडून पटकन "हो" निघून गेलं. हयात माणसांचा पुतळा बसवता येत नाही, असं सांगून कारकुनानं फाईल मिटली. ती पुन्हा उघडायला हैबतरावांना आपला जुना हुद्दा घेऊन यावं लागलं. शेवटी पुतळा हा पुतळाच नाही, ती वाहतुकीच्या बेटावरची एक न हलणारी शोभेची वस्तू आहे, असं ठरलं. अट एकच, तिची पूजाअर्चा होता कामा नये.

परवानगी मिळाली त्याच दिवशी दिनानाथ मुसाला घेऊन पेणला गेले. मंदिरांच्या घंटा ओतणाऱ्या एका कारखान्यात केरूनं ओतकाम करून घेतलं होतं आणि पुतळा तुकड्यातुकड्यांनी जमिनीवर मांडला होता. दिनानाथांनी एका पिवळ्याधमक तुकड्यावर हात ठेवून मांडी छान उतरलीय असं म्हटलं. तो दंड हाय, केरू म्हणाला. मग त्यांना मांडी दाखवण्यात आली. तिच्या पलीकडे मुसा बसला होता तो त्यांना दिसेना. पोटं दोन वेगळ्या ढिगांत होती. केरूनं सांगितलं की सुटं सगळं मोठंच दिसतं, जोडल्यावर मापात येतं. तेवढ्यात मांडीपलीकडून मुसाचा आवाज आला.

"दिनानाथभाऊ, ही तर आपली वैनी हाय."

मुसा दोन्ही हातांत न मावणाऱ्या एका डोक्यासमोर उकिडवा बसला होता. नाक, हनुवटीवरचा तीळ, कपाळावरची ती एक आठी, सगळं जिथल्या तिथं होतं. गाल तेवढे लोकांच्या सूचनेनुसार होते. शेजारी दुसरं डोकं पडलं होतं आणि त्याच्याकडे बघायचा धीर दिनानाथांना झाला नाही. त्यांना आता पुढचं सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं. सरूबाई काही बोलणार नाहीत, भांडणार नाहीत, फक्त पिशवी भरतील आणि माणगावला भावाकडे जातील, आणि या खेपेला हसलेले सगळे नाही, त्यांचा नवरा एकटाच गुन्हेगार असेल. त्यांनी केरूला विचारलं, थोडं तासता येईल का. केरू म्हणाला की माती असती तर तासली असती, हे आतून पोकळ हाय, तासलं की भोक पडंल. दिनानाथ इतके रडवेले झाले की केरूलाही वाईट वाटलं. त्यानं त्याच्याकडे होता तो एकमेव उपाय सांगितला.

"सोंड लावू का? मग कोण ओळखणार नाय."

दिनानाथांनी मुसाकडून मौन पाळायची शपथ घेतली. मुसानंही ती खाल्ली, आणि परत आल्यावर फक्त अगदी भरवशाच्या माणसांना सांगितलं. अष्टमीच्या पुलाच्या दोन्ही बाजूंना भरवशाची माणसं बरीच निघाली. दिनानाथ बाजारात दिसले की लोक फार आदरानं नमस्कार करू लागले.

तुकडे पेणलाच जोडायचं ठरलं, कारण तिथं वेल्डर बरा होता. जोडपं ट्रेलरवर आडवं घालून त्यावर ताडपत्री बांधली. भिसे खिंडीतल्या वळणांवर एवढा ऐवज वळणार नाही म्हणून ट्रेलर नागोठण्यावरून हायवेनं कोलाडला आला. आता महिना माघाचा, गाडी पेणची, आणि ताडपत्रीखाली दिसणारं पोट. लोकांचा जो समज व्हायचा तो झाला. वाटेत ठिकठिकाणी माणसं हात जोडून उभी राहिली. ड्रायव्हर कोलाडला वडा-उसळ खायला थांबला, तेवढ्यात बायकांनी ताडपत्रीची कड वर करून दिसेल त्या जागी हळदकुंकू वाहिलं. दिसेल ती जागा म्हणजे शेतकऱ्याचा गुडघा होता. नारळही तिथंच फुटला. वरशाला गाडी पोचल्यावर हैबतरावांनी शोभेच्या वस्तूचा गुडघा स्वतः भांडी घासायच्या चोथ्यानं घासून काढला, कारण अट अट असते.

क्रेननं जोडपं कट्ट्यावर उभं राहिलं, ताडपत्रीसकट. बैल आला, त्यानं वर बघितलं आणि पायाशी सावली पडली होती तिथं जाऊन बसला. ताडपत्रीवर मात्र कीटकनाशकाची जाहिरात होती. अशा कपड्याचं अनावरण हैबतरावांना पसंत पडेना. महिला मंडळानं चादरी जोडून पडदा शिवावा, असं त्यांनी जाहीर केलं, आणि महिला मंडळात शिवणारी म्हणजे सरूबाई. त्या दुपारीच टेप आणि स्टूल घेऊन नाक्यावर गेल्या. दिनानाथ गॅलरीत उभे राहून बघत होते. सरूबाई स्टुलावर चढल्या, ताडपत्रीची कड उचलून आत शिरल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. आल्या तेव्हा त्यांनी टेप गुंडाळला, घरी येऊन चहा टाकला आणि म्हणाल्या, "बाईचा घेर मोठा हाय. चादरी जास्त लागतील."

आतल्या अंधारात काही दिसलं नसावं, अशी दिनानाथांनी स्वतःची समजूत घातली. पण कबुली देऊन टाकावी, असंही त्यांना रोज वाटे. रोज संध्याकाळी ते मशीनसमोर येऊन उभे राहत आणि "अगं, ऐक ना," म्हणत. आणि दर वेळी सरूबाई त्यांना दोरा आणायला पाठवत. पांढरा झाला, निळा झाला, मग म्हणे निळा जरा गडद हवा. दिनानाथ दोरे आणत राहिले. मशीनच्या आवाजात सरूबाई काहीतरी गुणगुणत असत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर हे त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि त्याची त्यांना जास्तच भीती वाटली.

अनावरणाला येणारे पाहुणे आले नाहीत. तसे पाहुणे बहुधा येत नाहीत. अर्धं रोहे मात्र आलं होतं. इतकी माणसं एका शोभेच्या वस्तूसाठी का जमावीत, हे हैबतरावांना कळलं नाही, कारण मुसाच्या भरवशाच्या माणसांत ते नव्हते. त्यांनी माईक हातात घेऊन कृषिसंस्कृतीबद्दल ऊन चढेपर्यंत भाषण केलं आणि मग महिला मंडळाच्या वतीनं सौ. सरूबाई धनावडे यांनी दोरी ओढावी, अशी विनंती केली. दिनानाथांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. सरूबाई नऊवारी नेसून आल्या होत्या. बाजार उरकून थेट इकडे आल्यामुळे दोन्ही हातांत पिशव्या होत्या, त्या त्यांनी कट्ट्यावर ठेवल्या आणि दोरी ओढली.

चादरी खाली आल्या. उन्हात ब्राँझ असं लखलखलं की पुढच्या रांगेनं डोळ्यांवर हात धरले. दोन पुरुष उंचीचं ते जोडपं आकाशात गोल गोल चढत गेलं होतं. पोटऱ्या, मांड्या, पोटं, दंड, गाल, कुठं कोपरा म्हणून नव्हता. बाईच्या डोक्यावर भाताचा भारा होता, कमरेला टोपली आणि टोपलीत मूल की भोपळा असं काहीतरी. शेजारी तिचा धनी, तेवढाच गोल, एक मोकळा हात उंच करून कशाकडे तरी बोट दाखवत उभा होता. एवढं सगळं अंग असूनही दोघं जणू वाऱ्यावर निघाल्यासारखी हलकी दिसत होती, हे केरूला कसं जमलं हे केरूलाही सांगता आलं नसतं. लोक पुतळ्याकडे बघतच नव्हते. सगळे सरूबाईंकडे बघत होते.

सरूबाईंनी पदर खोचला, मान मागे टाकली आणि सावकाश पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. पायाशी बैल रवंथ करत होता.

"हुबेहूब हाय," त्या म्हणाल्या. "सगळं वझं माझ्या डोक्यावर आणि ह्यांचा हात मोकळा."

पहिल्यांदा बायका हसल्या. मग मुसा हसला, आणि मग कोणी थांबेना. दिनानाथ उठून उभे राहिले. तो फोटो मी फाडला नव्हता, असं ते म्हणाले, आणि माईक जवळच असल्यामुळे ते सगळ्या नाक्यानं ऐकलं. मला तो आवडायचा, असंही ते म्हणाले. सरूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. ताडपत्रीत शिरले त्याच दिवशी कळलं, त्या म्हणाल्या, तुमचे दोरे आणून व्हायची वाट बघत व्हते. मग त्या पुन्हा वर, त्या गोल तेजस्वी चेहऱ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आता बोलवा त्या व्हिडिओवाल्याला. म्हणावं, सरकव बाजूला मला."

यावर कोणी हसलं नाही. दिनानाथांना तर मान वर करवेना. काय करावं हे न सुचून त्यांनी कट्ट्यावरच्या दोन पिशव्या उचलल्या. मुसानं कॅमेरा आणलाच होता, पण वहिनींसमोर तो काढायची त्याची हिंमत होत नव्हती. सरूबाईंनीच त्याला बोलावलं. त्या पुतळ्याच्या पायाशी जाऊन उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, कपाळावरचा घाम मात्र पुसला नाही. दिनानाथ पिशव्या सांभाळत त्यांच्याजवळ येऊन उभे राहिले. मुसानं डोळा कॅमेऱ्याला लावला तशा सरूबाई समोर बघतच म्हणाल्या, "अहो, तुमी जरा बाजूला सरका. मी दिसत नाय."

तो फोटो धनावड्यांच्या घरी दर्शनी भिंतीवर लावलेला आहे. त्यात मागं एक पितळी रंगाची भलीमोठी पोटरी आहे, पायाशी बैल आहे, आणि मधोमध सरूबाई आहेत. दिनानाथ त्यात नाहीत. डाव्या कडेला दोन पिशव्या धरलेला एक हात तेवढा आला आहे.